चौथ्या गाण्याची पट्टी

३ मार्च, सोमवार
सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे

मामा, नमस्कार.

दुकान नुकतंच उघडलं होतं आणि मी टेपच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवत होतो, तेवढ्यात तुमचं पाकीट आलं. कॅसेट शाबूत आहे. डबीचा एक कोपरा उडाला आहे, पण तो आधीपासूनच उडालेला होता असं मामी फोनवर म्हणाल्या, म्हणून पोस्टात तक्रार करायला गेलो नाही.

खरखर काढून गाणी कॉम्प्युटरवर उतरवून दे असं तुम्ही लिहिलं आहे. ते होईल. आमच्या दुकानात दिवसभर तेच चालतं. कुणी आजोबांचं भाषण आणतं, कुणी मुलीची बडबडगीतं, आणि मी ती जुन्या फितीवरून नव्यात घालून देतो. मालक म्हणतात, नववीत शाळा सोडलेल्या माणसाने इतक्या बारकाईने काम करू नये, गिऱ्हाईक वाट बघून म्हातारं होतं.

चारही गाणी ऐकली. लहानपणी तुमच्या घरी ऐकलेली होती, पण तेव्हा मी खाटेखाली बसून गाडी चालवत असे, त्यामुळे नीट लक्ष नव्हतं. आता कानाला हेडफोन लावून ऐकलं. चौथं, 'सावकाश ये', सगळ्यांत जास्त आवडलं. मामींचा आवाज इतका उंच आणि कोवळा आहे की त्या मामीच आहेत हे पटायला वेळ लागला.

एक शंका आहे. पहिल्या गाण्यापासून चौथ्यापर्यंत सूर चढत जातो. तुम्हीच एकदा म्हणाला होतात की तेव्हा तुम्हाला तीनच कॉर्ड यायचे आणि चारही गाणी तुम्ही त्या तिन्हींतच बसवली. मग मध्ये गिटार परत लावली होती का? विचारलं म्हणून राग मानू नये.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं दोनदा झालं, पण लिहितो. आमच्या शेजारच्या गाळ्यात संध्याकाळी तीन मुली वाजवायला येतात. त्याही जुन्या लोकगीतांना गिटार आणि ड्रम लावतात, म्हणजे तुमचंच फोक-रॉक. हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही असं तुम्ही नेहमी म्हणता. मला त्यांची गाणी आवडतात. त्यांचं तिसरं गाणं ऐकताना मी एकदा बोळा स्पिरिटऐवजी चहात बुडवला.

तुमचा भाचा


८ मार्च

चिमट्या,

पत्र पोचलं. फोनवर तू दर वाक्याला 'हो मामा' म्हणतोस, त्यामुळे तुझ्याशी भांडायची सोयच नाही. पत्रात निदान चार ओळी विरोध करतोस. तेव्हा यापुढे पत्रच.

सूर चढतो म्हणतोस. अरे, तोच तर जोश. चार गाणी, एक दुपार, एक खोली. रविवार होता, मी बोर्ड रंगवायचो त्या खोलीत सगळे डबे बाजूला सारले, उसना टेप रेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि एका दमात चारही गाणी वाजवली. गिटार परत लावायला वेळ कुणाला होता? पहिल्या गाण्याला आम्ही घाबरलेलो होतो. दुसऱ्याला अंग मोकळं झालं. तिसऱ्याला ड्रमवाल्याने शर्ट काढला. आणि चौथ्याला जे काही झालं ते तू ऐकलंच आहेस. 'सावकाश ये' मी बसवलं तेव्हा संथ होतं. दुसऱ्या पाळीहून घरी येणाऱ्या माणसाला बायको म्हणते, सावकाश ये, दार उघडं आहे, असं ते गाणं. पण त्या दुपारी ते असं उधळलं की पुढे लोक त्यावर नाचायला लागले. हे ठरवून होत नाही. तुझ्या त्या पोरींना जमेल? त्या ठेका चुकू नये म्हणून कानात टिकटिक लावून वाजवतात, मला माहीत आहे. टिकटिक कधी चढते का? घाण्याच्या बैलाला जोश येतो का?

आता कामाचं. सव्वीस एप्रिलला वाचनालयाच्या हॉलमध्ये आपल्या गाण्यांची संध्याकाळ ठरली आहे. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन गेले. ड्रमवाला मुलाकडे दूर राहायला गेला, बेसवाल्याचे हात थरथरतात. उरलो मी आणि तुझी मामी. पहिली तीन गाणी मी एकटा म्हणेन. चौथं मात्र कॅसेटवरचंच लावायचं, मोठ्या स्पीकरवर, दिवे मंद करून. मामी पुढच्या रांगेत बसेल. तो आवाज आता कुणाकडे नाही. तिच्याकडेही नाही. कॅसेट निघाल्यावर वर्षभराने आम्ही ते परत वाजवायला बसलो तर तिला तिथवर पोचताच येईना. बाळंतपणात आवाज बसला बिचारीचा. हे मी तिच्यासमोरच लिहितोय, ती मान हलवतेय.

तेव्हा खरखर काढ आणि पाठव.

मामा


१३ मार्च, गुरुवार
दुपारचे दोन पाच, जेवणाची सुट्टी

मामा, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही भांडायला सांगितलं आहे म्हणून धीर करतो.

जोशाने वेग वाढतो हे मान्य. माणूस उत्साहात पळतो. पण जोशाने गिटारची तार आपोआप घट्ट होत नाही. गिटार परत लावली नव्हती असं तुम्हीच लिहिलं आहे. मग तेच तीन कॉर्ड पहिल्या गाण्यात खाली आणि चौथ्यात जवळजवळ दोन पट्ट्या वर कसे वाजतात, याचं उत्तर मला सापडत नाही. मी आमचं मशीन तपासलं. मालकांच्या घरचं मशीन आणून त्यावर लावून बघितलं. दोन्हींवर तेच.

शेजारच्या तिघींपैकी बेस वाजवणारी, चष्मेवाली, काल चार्जर मागायला आली होती. चौथं गाणं चालू होतं. ती म्हणाली, "छान आहे. मुद्दाम फास्ट केलंय का? हल्ली करतात असं." मी म्हणालो, "नाही, हे जुनं आहे, माझ्या मामीने गायलंय." ती म्हणाली, "मग तुझी मामी तेव्हा बारा वर्षांची होती का?"

मी तिला चहा दिला आणि विषय बदलला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

एक छोटी विनंती. तिसरं गाणं संपल्यावर आणि चौथं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी माउथ ऑर्गनवर एकच लांब सूर धरतं. तो माउथ ऑर्गन घरात आहे का? गिटारची तार सैल होते, माणसाचा गळा बसतो, पण माउथ ऑर्गनमधल्या पत्र्या कुणी पिळू शकत नाही. तुमच्याकडे राहिलेली दुसरी कॅसेट लावून तो सूर आणि घरातला सूर जुळतो का एवढंच बघावं. जुळला तर मी हा विषय परत काढणार नाही.

बाकी सर्व ठीक.

तुमचा भाचा


१८ मार्च

चिमट्या,

माउथ ऑर्गन गंजला. कुठे आहे माहीत नाही.

वेगाला हात लावायचा नाही. सूर जसा आहे तसा ठेवायचा. तू फक्त खरखर काढ. तीस वर्षं मी माझी गिटार त्या कॅसेटवरून लावतोय, वर्षाला तीन-चार तारा तोडतो, पण पट्टी सोडली नाही. त्या काळी आम्ही तार चढवूनच वाजवायचो. आजच्या ढिल्या पोरांना ते कळायचं नाही, आणि चष्मेवालीला तर मुळीच नाही.

जेवत जा वेळेवर.

मामा


१९ मार्च

बाळा,

तुझ्या मामाच्या खोलीत बोर्डाचे ब्रश धुवायला गेले तेव्हा तुझं पत्र टर्पेंटाईनच्या बाटलीखाली दिसलं. बाटलीखाली ठेवलेलं पत्र वाचायचं नसतं हे मला कळतं. वाचलं.

माउथ ऑर्गन गंजलेला नाही. माझ्या शिवणयंत्राच्या खणात बॉबिनींच्या डब्यामागे आहे. तो मीच वाजवला होता त्या दिवशी. सूर धरून मगच चौथं गाणं सुरू करायचे, नाहीतर माझा सूर भरकटायचा.

मामा बाजारात गेल्यावर मी कॅसेट लावली आणि फुंकला. बाळा, जुळत नाही. कॅसेटमधला माउथ ऑर्गन घरातल्यापेक्षा बराच वर ओरडतो. पुन्हा लावली, पुन्हा फुंकला. मग पडद्याचं राहिलेलं शिवण घेतलं आणि शिवलेलीच बाजू पुन्हा शिवली. शेजारीण साखर मागायला आली तिला मी मीठ दिलं.

आता तुला त्या दुपारचं सांगते. टेप रेकॉर्डर उसना होता पण त्याची वायर मिळाली नव्हती. बॅटऱ्या तुझ्या मामाच्या टॉर्चमधल्या, आणि त्या टॉर्चने आम्ही आदल्या आठवड्यात गच्चीची गळती शोधली होती. नव्या घ्यायच्या म्हटलं तर तो म्हणाला, टॉर्च अजून पेटतोय. चौथं गाणं झाल्यावर लगेच त्याच रेकॉर्डरवर ऐकलं तेव्हा मी जशी गायले तशीच ऐकू आले. दुसऱ्या दिवशी कॉपी काढणाऱ्याच्या दुकानात ऐकलं तेव्हा सगळे म्हणाले, वा, काय जोश. मलाही वाटलं, आपण खरंच इतक्या वर गायलो? आपल्याला कळलंच नाही? पण सगळे इतके खूश होते. कोण बोलणार?

मग पुढच्या वर्षी गायला बसले. मामाने गिटार कॅसेटवरून लावली आणि मी पोचेना. एकदा पोचेना, दोनदा पोचेना. मी गाणं सोडलं. दुःख वगैरे काही केलं नाही हो, पडदे शिवायला लागले. पण मामा कुणालाही कॅसेट ऐकवताना म्हणतो, असा आवाज पुन्हा होणे नाही, आणि मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी असते. आता तर मला पुढच्या रांगेत बसवून माझंच गाणं ऐकवणार आहेत. माझ्या डोळ्यांदेखत मला फोटोत बसवतायत.

मला एक काम करून दे. माउथ ऑर्गनला जुळेल इतका वेग कमी करून ते गाणं पाठव. मी तेव्हा कशी गायले होते ते मला ऐकायचंय. पाकिटावर 'पडद्याचे नमुने' असं लिही. मामा ते उघडत नाही.

मामी


२४ मार्च, सोमवार
सकाळचे साडेसात, दुकान अजून बंद

मामी, नमस्कार.

सोबत 'पडद्याचे नमुने' पाठवत आहे. छोट्या पेनड्राइव्हवर एकच गाणं आहे. तुमच्या फोनला कसं लावायचं ते वेगळ्या कागदावर चित्रासह लिहिलं आहे.

बॅटऱ्या उतरत गेल्या तशी फीत हळू फिरत गेली, आणि हळू भरलेली फीत धडधाकट मशीनवर वेगात आणि वरच्या सुरात वाजते, हे आता कळलं. तुमच्याकडचा माउथ ऑर्गन फोनवर ऐकवलात त्यावरून वेग बसवला. अंदाजावर काम करायचं नाही म्हणून चष्मेवालीकडचं सूर दाखवणारं यंत्र आणलं. शेवटी ती स्वतःच बसली. आम्ही वेग थोडा-थोडा उतरवत गेलो आणि तुमचा सूर खाली आला तशी तिने खुर्ची पुढे ओढली. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लाव." मग बाकीच्या दोघींना बोलावून आणलं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला ते कमी आवडलं. कॅसेटवरची चमक गेल्यासारखं वाटलं. सवय वाईट. दुसऱ्यांदा ऐकताना कळलं की शब्द आता ऐकू येतात. 'दार उघडं आहे' म्हणताना तुम्ही 'उघडं'वर थांबता आणि श्वास घेता. कॅसेटवर तो श्वास पळून जातो, उचकीसारखा वाटतो. इथे तो श्वास आहे. गाणारी मुलगी नाही, मोठी बाई आहे आणि ती खरंच कुणाची तरी वाट बघते आहे.

मामांना न सांगता हे करतो आहे याची मला फार भीती वाटते. त्यांनी वेगाला हात लावू नको असं स्पष्ट लिहिलं आहे. मी त्यांच्या कॅसेटच्या प्रतीला हात लावलेला नाही. तुमच्यासाठी वेगळी काढली. म्हणजे तसं बघितलं तर मी त्यांची आज्ञा मोडली नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं आणि मला ते पटलं नाही, पण खोडाखोड नको म्हणून ठेवतो.

तुमचा भाचा


५ एप्रिल

चिमट्या,

हे पत्र सहज. मोठ्या माणसाने हार मानावी असं काही झालेलं नाही, पण एक गोष्ट कबूल करायची म्हणून.

तुझी मामी गेले आठ-दहा दिवस तुझ्या त्या पोरींचं गाणं ऐकते आहे असं दिसतं. मागच्या मोरीचं दार लावून, नळ सोडून. शब्द कळत नाहीत, नुसती चाल येते. मी विचारलं, कुणाचं आहे. ती म्हणाली, "भाच्याने पाठवलंय." मी समजलो. तू मला बदलायचा नाद सोडून तिला फितवलंस.

तर ऐक. ते गाणं बरं आहे. खोटं कशाला बोलू. बाई घाईत नाही. खालच्या आवाजात गाते आणि त्या खालच्या आवाजाला लाजत नाही. हल्लीच्या गाणाऱ्यांत असं असेल असं मला वाटलं नव्हतं. काल बोर्ड रंगवता रंगवता मीच ती चाल गुणगुणत होतो, आणि एक अक्षर वाकडं आलं. 'औषधालय'मधला 'ष'. मालकाला कळलं नाही, पण मला कळलं.

आता याचा अर्थ नवं जुन्यापेक्षा चांगलं असा लावू नकोस. हजारात एखादी निघते. पण त्या गाणाऱ्या मुलीला माझा निरोप दे, म्हणावं, एका जुन्या गिटारवाल्याने सांगितलंय, पट्टी बदलू नकोस.

वाचनालयाचा बोर्ड रंगवून झाला. 'आठवणीतील सूर', पिवळ्यावर लाल. खरखर काढलीस का?

मामा


१४ एप्रिल

चिमट्या,

माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. का दिलं नाहीस ते आता कळलं.

परवा मी मोरीच्या दाराशी उभा राहून म्हणालो, "अगं, ते पोरींचं गाणं जरा मोठ्याने लाव, मला शब्द ऐकायचेत." नळ बंद झाला. दार उघडलं. हातात फोन नाही, काही नाही, पदराला हात पुसत उभी. आणि गायला लागली. माझेच शब्द. चालही माझीच, पण तीस वर्षं ती पळतानाच ऐकली म्हणून मला ओळखता आली नव्हती.

मी पायरीवर बसलो. पूर्ण ऐकलं. मग ती म्हणाली, "निरोप पोचला. पट्टी बदलत नाही."

नंतर तिने मला सगळं सांगितलं, टॉर्चपासून. माझा जोश चार बॅटऱ्यांचा होता म्हणे, त्यासुद्धा संपत आलेल्या. मला आधी हसू आलं. मग रात्री जेवताना मोजायला लागलो. तिचा आवाज गेला असं मी किती जणांना सांगितलं असेल रे? पाहुणा आला की सांगितलं. आणि ती कप गोळा करून आत जायची. मी तिला म्हणालो, "तू कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मलाही ते खरं वाटलं ना." भांडी मी घासली.

सकाळी गिटार काढली आणि तारा उतरवायला घेतल्या. उतरवतोय, उतरवतोय, कुठे थांबायचं तेच मला कळेना. हाताला ती ढिली तार परक्या माणसासारखी लागते. शेवटी तिने खणातून माउथ ऑर्गन काढून सूर धरला. तिथे थांबलो. एकही तार तुटली नाही.

आता सव्वीस तारखेचं. मी म्हणालो, तू गा. ती म्हणाली, "लोक कॅसेट ऐकायला येणार. मी उभी राहिले की म्हणतील, बाई थकली. तीस वर्षं घरात ऐकलं तेवढं पुरे. हॉलभर लोकांकडून नको." घरात म्हणणारा मीच होतो. हट्ट करायचा अधिकार आहे असं वाटत नाही. ती म्हणते, तिथे गेल्यावर बघू.

तेव्हा तू ये. आवाजाचं मशीन तू सांभाळ. कॅसेटचं गाणं तयार ठेव आणि एक माईकही उभा करून ठेव. दोन्हीपैकी काय ते ती ठरवेल. तुझा चेहरा बघून तिला काही कळू देऊ नकोस. तुझा चेहरा फार बोलतो.

मामा


२७ एप्रिल, रविवार
सकाळचे सहा पंचवीस, बस स्टँडच्या बाकावर

मामा, मामी, नमस्कार.

काल निघताना बोलता आलं नाही. शेवटची बस चुकेल म्हणून पळालो आणि तरी चुकली. वेटिंग रूममध्ये झोपलो. काळजी नको, पंखा होता. पहिली बस सात दहाला आहे, तोवर लिहून काढतो, कारण हॉलच्या मागून जे दिसलं ते तुम्हाला तिथून दिसलं नसणार.

तिसरं गाणं संपलं आणि मामा, तुम्ही गिटार मांडीवर आडवी ठेवलीत. ठरल्याप्रमाणे मी दिवे मंद केले. माझं एक बोट कॅसेटच्या गाण्याच्या बटणावर होतं आणि दुसरा हात माईकच्या बटणावर. मामी पुढच्या रांगेत, पाठमोऱ्या. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी चेहरा सांभाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. काय दिसलं ते त्यांनाच माहीत. सेक्रेटरींना वाटलं की मशीन बिघडलं, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय झालं, लाव की." मी म्हणालो, "थांबा." मामा, मी कुणाला 'थांबा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग मामी उठल्या. पायरी चढताना पर्स कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, शेवटी ती त्यांनी तुमच्या खुर्चीखाली ढकलली. मी माईक चालू केला. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंत आणि सुरू केलंत.

पहिल्या ओळीला हॉल चुळबुळला, हे लपवत नाही. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई टाळ्या वाजवायच्या तयारीत होत्या, कॅसेटच्या वेगाने. त्यांचे हात पुढे गेले आणि मामी अजून मागेच होत्या. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हात मांडीवर ठेवले. 'दार उघडं आहे'ला मामींनी श्वास घेतला तो मागपर्यंत ऐकू आला. त्यानंतर चुळबुळ नव्हती. खोकला होता एक, पण तो खराच होता.

टाळ्या तुम्ही ऐकल्याच. त्याबद्दल लिहीत नाही.

सामान आवरताना एक गृहस्थ आले. आयुष्यभर घरोघरी पाण्याचे मीटर वाचले म्हणे, आता निवृत्त. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि तक्रार केली. "आवाज तू हळू केलास का? कॅसेटवर काय भारी होतं. आम्ही नाचायचो त्यावर. आता पूर्वीसारखं राहिलं नाही." मी सांगणार होतो की तुम्ही आज ऐकलंत तेच पूर्वीचं आहे. टॉर्चचं, बॅटऱ्यांचं, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण ते निघेनात. पायातला बूट सारखा करत उभे राहिले आणि म्हणाले, "आजचं रेकॉर्ड केलंय का कुणी?" मी म्हणालो, "मी केलंय." ते म्हणाले, "मग एक कॉपी ठेव माझ्यासाठी. हिला ऐकवतो. पाय दुखतात तिचे, नाचायचं तर आता आम्हाला जमत नाही." कॅसेट तुमच्याकडे नाही का असं विचारलं तर म्हणाले, "ती आहे. ही पण दे."

म्हणून मी त्यांना काही समजावलं नाही.

मामा, तुम्ही स्टेजवरून खाली उतरताना विचारलं होतंत की आता तरी सांग, जुनं चांगलं की नवं. मी तेव्हा 'हो मामा' म्हणालो, ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं. नीट विचार करून लिहितो. शेजारच्या मुलींचं तिसरं गाणं मला तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यापेक्षा जास्त आवडतं. तुमचं तिसरं आणि त्यांचं पहिलं बरोबरीत. 'सावकाश ये' सगळ्यांच्या वर, पण कॅसेटवरचं नाही, कालचं. आणि कालचं म्हणजे जुनं की नवं, ते तुम्ही दोघांनी घरी ठरवावं. यावर पत्राने भांडलात तर मी उत्तर देईन.

चष्मेवाली विचारत होती की मामी त्यांच्या एका गाण्यात गातील का. मामींनी नाही म्हटलं तरी चालेल, पण विचारल्याचं कळवायला हवं म्हणून कळवतो. तिने पट्टीही विचारली आहे. ती मी सांगितली नाही, मामींनी सांगावी.

बस लागते आहे. कालचा हिशेब खाली देतो, मालकांनी अर्धा द्यायचं कबूल केलं आहे.

खर्च
येण्याचं तिकीट: ८५
परतीचं तिकीट: ८५
लांब वायर, एक दिवसाचं भाडं: १२०
चहा आणि पाव, दोन वेळा: ४०
मीटरवाल्या गृहस्थांचा पत्ता लिहायला पेन घेतलं: १०
एकूण: ३४०

येणे
मालकांकडून: १७०

देणे
मीटरवाल्यांना कालच्या गाण्याची कॉपी: १. पैसे घ्यायचे नाहीत.
चष्मेवालीला मामींचं उत्तर: १.

तुमचा भाचा